लांडग्याचं इंग्रजी चुकलं, आता अख्खा वर्ग चुकायलाय

खडूची_भुकटी (औसा तालुका, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय, चहा घेऊन बसा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी-सातवीला इंग्रजी शिकवतो. दोन्ही वर्ग मिळून ३१ लेकरं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण खालचं वाचून साहेब लोक हसतील की नोटीस काढतील, भरवसा नाही.

येळवशीच्या आधीचा आठवडा होता. आमच्याकडच्या नसलेल्यांसाठी सांगतो : येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात नि शेतं भरतात. कडब्याची कोपी (म्हणजे झोपडी), भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. त्या आठवड्यात लेकरांना प्रेझेंट कंटिन्युअस शिकवणं म्हणजे उधळलेल्या वासराला दावं लावणं. म्हटलं, पुस्तक ठेवू बाजूला, गोष्ट सांगू. रेड रायडिंग हूड.

आता हूड म्हणजे काय, इथंच गाडी अडली. 'टोपी जोडलेला झगा' म्हणालो तर मागून आवाज आला, "रेनकोट का सर?" मग एकदम सुचलं : कुंची! तान्ह्या बाळाला घालतात ती. सहावीतली घोडी पोरगी लाल कुंची घालून शेताकडं निघालीय, एवढं सांगितलं नि वर्ग जो फुटला हसून, तो मग आवरेचना. मीही सुटलो. टोपलीत केक ठेवायच्या ऐवजी भज्जी नि आंबीलीचं मडकं ठेवलं. आजी तापानं फणफणून शेतातल्या कोपीत बाजेवर पडलेली. आणि लांडगा का आला? तर येळवशीला त्याला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, म्हणून रुसून. आमच्याकडं येळवशीला बोलावणं न येणं हा केवढा अपमान, ते लेकरांना सांगावं लागत नाही.

तर हसू आणखी वाढावं म्हणून मी लांडग्याला मोडकंतोडकं इंग्रजी दिलं. आजीच्या पातळात तोंड लपवून तो म्हणतो, "आय इज युवर ग्रँडमदर. यू is कम इनसाइड" असलं काहीतरी. सॉरी, फोनचा कीबोर्ड मधेच बदलला, "यू इज कम इनसाइड". लेकरं तीन दिवस मधल्या सुट्टीत तेच खेळत होती. लांडगा व्हायला नंबर लागायचे. वर्षभर तोंड न उघडलेला एक पोरगा पातळ पांघरून "आय इज, आय इज" करत व्हरांड्यात फिरायचा. मला वाटलं, जिंकलो बुवा.

जानेवारीत छोटी चाचणी घेतली. 'मी विद्यार्थी आहे' हे इंग्रजीत लिहा. ३१ पैकी १९ जणांनी लिहिलं, आय इज अ स्टुडंट. यातली निम्मी तरी दिवाळीआधी 'आय ॲम' बरोबर लिहीत होती हो! वर्गात पहिल्या येणाऱ्या पोरीनं तर 'आय इज' लिहून पुढं हसरं तोंड काढलंय. एका पालकांनी शाळेत येऊन सुनावलं की मास्तर इंग्रजी शिकवायलेत का तमाशा. आणि आमच्याच स्टाफमधले एक जण म्हणाले, "इंग्रजांच्या गोष्टीत आंबील कुठून आली? मूळ गोष्ट तरी नासवू नका."

आता सांगा. हसवणं बंद करू? लेकरं बोलायला लागलीत ती परत मुकी होतील, ही भीती आहे. चालू ठेवू तर या 'आय इज'चं काय करू? फळ्यावर शंभरदा 'आय ॲम' लिहून घेतलं. लिहितात. नि पाणी प्यायला गेली की लांडगा परत सुरू.

---

बाभळीची_छडी (अंबाजोगाई)

सर, ३४ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालोय. छडी फक्त नावात आहे, वर्गात फार वापरली नाही.

तुमचं चुकलं ते फार थोडं. मोडक्या भाषेला हसू कुणाला येतं? ज्याला नीट भाषा येते त्याला. कुणी परगावचा माणूस 'माझा आई आला' म्हणाला की आपण हसतो, कारण 'माझी आई आली' आपल्या हाडात मुरलंय. तुमच्या लेकरांचं 'आय ॲम' अजून ओलं होतं. ओल्या भिंतीला हात टेकला, ठसा उठला. ती लांडग्याच्या व्याकरणाला हसलीच नव्हती, पातळाला हसली. हसता हसता जे कानावर पडलं ते तसंच चिकटलं.

यावर दोन वाटा आहेत, मी दोन्ही चालून बघितल्यात.

एक, लांडग्याला वर्गातलं सगळ्यात शुद्ध, सगळ्यात अदबशीर इंग्रजी द्या. आपली लेकरं दारात उभी राहून, हात पुढं करून काय म्हणतात? "मे आय कम इन, सर?" लांडग्यालाही तेच करू द्या. कोपीच्या दारात हात पुढं करून : "मे आय कम इन, ग्रँडमदर?" आणि आजी तापात म्हणते, "येस, कम इन. व्हाय आर यू लेट?" मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हसण्याच्या आवाजानं शेजारच्या वर्गातले सर बघायला आले होते. त्यानंतर लांडग्याचा रजेचा अर्ज. आजीला गिळल्यावर तो जंगलाच्या हेडमास्तरांना, म्हणजे वाघाला लिहितो : "रिस्पेक्टेड सर, आय ॲम सफरिंग फ्रॉम स्टमक-एक. देअर इज अ ग्रँडमदर इन माय स्टमक. काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज. युवर्स ओबिडिएंटली, वुल्फ." अर्जाचा साचा एरवी दोन महिने घोकून पाठ होत नाही. हा अर्ज लेकरांनी घरी जाऊन आज्यांना वाचून दाखवला.

दुसरी वाट तुमच्यासाठी जास्त कामाची, कारण तुमच्याकडं 'आय इज' आधीच रुजलंय. चूक ठेवा, पण तिची किंमत गोष्टीतच वसूल करा. लाल कुंची दारात उभी आहे. आतून आवाज येतो, "आय इज युवर ग्रँडमदर." पोरगी थबकते. मडकं खाली ठेवते. कमरेवर हात. "नो! माय ग्रँडमदर नेव्हर सेज आय इज. शी सेज आय ॲम. हू आर यू?" लांडगा दात, कान, डोळ्यांनी पकडला गेला नाही, व्याकरणानं पकडला गेला. हा प्रवेश आठवडाभर खेळू द्या. मग वर्गात कुणी 'आय इज' म्हणालं की तुम्ही गप्प बसा, बाकीचे ३० जण कमरेवर हात ठेवतील. वर त्यात 'सेज'मधला एस फुकट शिकवून होतो, तो आपल्या लेकरांचा कायम गळतो.

आता मूळ गोष्ट नासवण्याबद्दल. त्या सरांना माझा निरोप द्या. ही गोष्ट १६९७ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं छापली, तेव्हा लांडगा पोरीला खातो नि गोष्ट तिथंच खलास. सोडवायला कुणी येत नाही. १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंनी छापली तीत शिकारी येतो, लांडग्याचं पोट फाडतो नि आजी-नात जित्या बाहेर. सिंड्रेलाचा भोपळा पेरोचा; ग्रिमांकडं भोपळाच नाही, तिथं आईच्या थडग्यावरचं झाड नि पाखरं तिला झगा देतात. तीन अस्वलांच्या घरात घुसणारी सोनेरी केसांची पोरगी तरी कुठं मूळची? रॉबर्ट सदीनं १८३७ साली ती गोष्ट छापली तेव्हा घरात शिरलेली एक खत्रूड म्हातारी होती. फ्रान्सच्या गोष्टीत जर्मनांनी शिकारी घातला, आपण आंबील घातली. आंबीलीनं तरी कुणाचं पोट फाडावं लागत नाही.

आणि प्रेझेंट कंटिन्युअस राहूनच जायला लागला होता. तुमच्या पहिल्या ओळीतच उत्तर आहे. 'लिहायलोय.' पुण्याच्या पुस्तकात 'मी लिहीत आहे' छापतात, आपलं लेकरू घरात तसं कधीच बोलत नाही. ते म्हणतं, जेवायलो, खेळायलो, पाऊस पडायला, लेकरू रडायलं. आपल्या बोलीत 'आत्ता चालू आहे' याला वेगळं शेपूट आहे, नि ते चार वर्षांच्या पोरालाही बरोबर लावता येतं. मी फळ्यावर एका बाजूला 'जेवतो' नि 'जेवायलो' लिहायचो, दुसऱ्या बाजूला 'आय ईट' नि 'आय ॲम ईटिंग', आणि रेघा जोडायला सांगायचो. पाच मिनिटांत काम व्हायचं. 'आयलो' आलं की 'इंग'. त्याच लेकरांना 'मी जेवत आहे'वरून शिकवताना माझा पहिल्या वर्षी महिना गेला होता. बोलीला अशुद्ध म्हणून वर्गाबाहेर ठेवलं होतं ना, तेव्हा.

फक्त एक खड्डा आहे, तिथं सांभाळा. आपण 'मला कळायलं नाही' म्हणतो, त्यावरून लेकरं 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' करतात. अंडरस्टँड, नो (know), वाँट असल्या शब्दांना ते शेपूट इंग्रजीत सहसा लागत नाही. ते गोष्टीत आणूच नका, वेगळं सांगा.

यासाठी परकी गोष्टही लागत नाही. आपली चिमणी आहे की! "चिऊताई चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे." तिथं 'घालू दे'च्या जागी 'घालायले' करा. "स्पॅरो, स्पॅरो, ओपन द डोअर!" "वेट, आय ॲम गिव्हिंग माय बेबी अ बाथ." मग पुसायले, पावडर लावायले, तीट लावायले, झोपवायले. खुंटी तीच, रोज नवा सदरा. तीटाला इंग्रजीत शब्द नाही म्हणून घाबरू नका, 'अ ब्लॅक डॉट ऑन माय बेबीज चीक' म्हणा. त्यात 'ऑन' येतो नि 'बेबीज' येतं.

---

नो_सूनर_दॅन (नांदेड)

मी दहावीची शिकवणी घेतो, त्यामुळं माझं गणित रोकडं आहे. पालक विचारतात, गोष्टीनं किती मार्क वाढले?

बाभळीची छडी सरांचं पटलं, पण सहावी-सातवीत मजा नि दहावीत परत 'डू ॲज डायरेक्टेड' घोकणं, असं होऊ देऊ नका. गोष्ट बोर्डाच्या प्रश्नाला जोडता येते. सिंड्रेला तर त्यासाठीच जन्मली असं माझं मत झालंय. "ॲज सून ॲज द क्लॉक स्ट्रक ट्वेल्व्ह, शी रॅन." करा नो सूनर : "नो सूनर डिड द क्लॉक स्ट्राइक ट्वेल्व्ह दॅन शी रॅन." पोरं इथं हमखास 'डिड स्ट्रक' लिहितात, नाहीतर 'दॅन'च्या जागी 'व्हेन'. मी सांगतो, 'डिड'नं भूतकाळ आधीच गिळलाय, तुमच्या लांडग्यासारखा. क्रियापदाच्या वाट्याला उरलाच नाही, म्हणून स्ट्राइक.

'रिमूव्ह टू', म्हणजे too काढून वाक्य बदला, त्यासाठी बूट. "द शू वॉज टू स्मॉल फॉर हर टू वेअर." मग "सो स्मॉल दॅट शी कुड नॉट वेअर इट." शेवटचा 'इट' विसरतात. ग्रिमांच्या गोष्टीत थोरली बहीण बूट बसावा म्हणून पायाचं बोट कापते, हे सांगितलं की वर्ग 'ईऽऽ' करतो नि मग स्वतःच वाक्य करतो : सो स्मॉल दॅट शी कट ऑफ हर टो. डिग्रीसाठी, म्हणजे तुलनेच्या वाक्यांसाठी, हिमगौरीची सावत्र आई नि तिचा आरसा. "स्नो व्हाइट इज द फेअरेस्ट ऑफ ऑल." करा पॉझिटिव्ह : "नो अदर वुमन इज ॲज फेअर ॲज स्नो व्हाइट." आरशाला मी नांदेडी बोलायला लावतो : "राणीसाहेब, खोटं कशाला बोलू, तुम्ही दुसऱ्या नंबरला आहात."

लांडग्याचे डोळे सोडू नका. "व्हॉट बिग आइज यू हॅव!" याचं ॲसर्टिव्ह, "यू हॅव व्हेरी बिग आइज." आपण 'तुझे डोळे किती मोठे गं' म्हणतो, 'किती' मधे बसतं. इंग्रजीत 'व्हॉट' पुढं येऊन बसतं नि पोरांना वाटतं प्रश्नच आहे, म्हणून 'व्हॉट बिग आइज हॅव यू' लिहितात, शेवटी प्रश्नचिन्ह ठोकून. हा प्रश्न नाही, आश्चर्य आहे, हे तोंडाचा आ करून दाखवायचं. दुसरा उपाय मला सापडला नाही.

---

चिंचेखालचा_वर्ग (केज तालुका, बीड)

मी तिसरी-चौथीला आहे. वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे, मला वेगळंच सांगायचंय. विनोद कुणावर होतोय, ते बघा.

माझ्या वर्गातली बरीच लेकरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. अशीच परत आलेली लेकरं वर्गात होती नि मी तीन डुकरांची गोष्ट सांगायला घेतली. स्ट्रॉ, स्टिक्स, ब्रिक्स असे तीन शब्द नि लाँग, लाँगर, लाँगेस्टसारखं स्ट्राँग, स्ट्राँगर, स्ट्राँगेस्ट. मी मनापासून रंगवत होते. "द फर्स्ट पिग वॉज फूलिश. ही मेड अ हाउस ऑफ स्ट्रॉ." गाल फुगवून फुंकर मारली, घर उडालं, सगळे हसले.

मधल्या सुट्टीत एक पोरगी टेबलापाशी आली. बोटानं टेबलाची कड खरवडत होती. म्हणाली, "मॅडम, आमची कोपी बी पाचटाचीच असती. मग आम्ही पयलं डुक्कर का?"

मला तिच्याकडं बघवेना. कारखान्यावर पाचट नि बांबूची कोपी चार-पाच महिने तिचं घर असतं. आणि मी 'फूलिश' शब्द फळ्यावर लिहून अधोरेखित केला होता.

दुसऱ्या दिवशी गोष्ट फिरवली. तिलाच विचारलं, कोपी कशी बांधतात सांग. तिनं हातवारे करून सगळं सांगितलं, बांबू कुठं रोवायचे, पाचट कसं दाबायचं, वाऱ्याच्या अंगाला दार का ठेवायचं नाही. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले : फर्स्ट, वुई फिक्स द बांबूज. देन, वुई टाय द रोप्स. वुई डू नॉट कीप द डोअर ऑन द विंडी साइड. लांडगा येतो, फुंकतो, फुंकतो, त्याची दमछाक होते नि कोपी जागची हलत नाही. हुशार पयलं डुक्कर आतून विचारतं, "आर यू टायर्ड? डू यू वाँट वॉटर?" या वाक्याला आदल्या दिवसापेक्षा जास्त हसले. ती पोरगी तर लोळायची बाकी होती.

फळा पुसून टाकला होता, पण 'फूलिश' शब्द मी त्या वर्षी परत शिकवला नाही. शिकवायला हवा होता बहुतेक. हिंमत झाली नाही.

---

ठिगळाची_गोधडी (सेलू, परभणी)

मी शिक्षिका नाही, पोरीची आई आहे. दहावीनंतर लग्न झालं, आता पोरीच्या पुस्तकातून तिच्यासंगं परत शिकायले. (हे बघा, मीपण 'शिकायले' लिहिलं, छडी सरांनी सांगितल्यापासून मला शेपूट दिसायलंय सगळीकडं. माझी लातूरची जाऊ 'शिकूलालाव' म्हणते, तिला काय सांगायचं सर?)

मला 'अ' नि 'द' कधीच कळले नव्हते. शाळेत सांगितलं होतं, अनिश्चित नि निश्चित उपपद. ते शब्दच इतके जड की पुढं काही ऐकूच आलं नाही. परवा पोरीला म्हातारीची गोष्ट सांगत होते, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. "एक होती म्हातारी. एकदा ती म्हातारी लेकीकडं निघाली. वाटेत भेटला एक वाघ. तो वाघ म्हणाला..." आणि मधेच थांबले. पहिल्यांदा 'एक वाघ', नंतर 'तो वाघ'. अ टायगर, मग द टायगर! म्हणजे आपण हे रोज करतो की. आता पोरगी नि मी गोष्ट इंग्रजीत सांगताना 'एक' आलं की 'अ', 'तो-ती-ते' आलं की 'द' म्हणून टाळी देतो. सगळीकडं चालत नसेल, पण गोष्टीत बऱ्यापैकी चालतंय.

पोरीनं विचारलेला प्रश्न : सिंड्रेलाला भोपळा ओढायला घोडे लागले, मग आपल्या म्हातारीचा भोपळा इंजिनाविना कसा पळतो? मी म्हटलं, आपला ॲव्हरेज चांगला देतो.

---

बाभळीची_छडी (अंबाजोगाई)

ताई, जावेचं 'शिकूलालाव'ही इंगच आहे. शेपूट जरा लांब, एवढंच. नि 'एक-तो'चं मला ३४ वर्षांत सुचलं नव्हतं. केजच्या मॅडमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. मीही तीन डुकरं शिकवलीत, नि माझ्या वर्गातही ती लेकरं असणार. मला कुणी विचारलं नाही, इतकंच.

---

खडूची_भुकटी (औसा तालुका, जि. लातूर)

बऱ्याच दिवसांनी आलो, माफी. आता सकाळची शाळा सुरू झालीय, दुपारी वेळ मिळायलाय.

'आय इज'चा हिशोब आधी देतो. छडी सरांचा कमरेवर हातवाला प्रवेश केला. चार दिवस वर्गात कमरेवर हात नि "हू आर यू?" एवढंच चालू होतं, मला स्वतःला बोलायची भीती वाटायला लागली. मग लेकरांनीच पुढचा भाग काढला. पकडला गेलेला लांडगा लाजून लातूरला जातो नि इंग्रजीचा क्लास लावतो. फी भरायला आंबीलीचं मडकं विकतो. परत येतो तो "गुड मॉर्निंग, आय ॲम युवर ओल्ड वुल्फ" म्हणत. तीच चाचणी परत घेतली, 'आय इज'वाले ४ उरले. त्यातल्या एकानं मुद्दाम लिहिलंय असा मला दाट संशय आहे, कारण पुढं कंसात 'लांडगा' असं लिहिलंय.

ओरडायला आलेल्या पालकांना रजेचा अर्ज त्यांच्या पोरानंच वाचून दाखवला. ते हसले नाहीत. पण 'काइंडली ग्रँट मी लीव्ह' म्हणजे काय, हे दोनदा विचारून गेले.

तीन डुकरं घेतली नाहीत. आमच्याकडंही दोन घरं तोडीला जातात, मला लक्षातच आलं नसतं. त्याऐवजी चिमणी घेतली. नि तिथं एका पोरानं शंका काढली, "सर, चिमणीचं घर मेणाचं, मग मे महिन्यात काय होतं?"

खरंच की. एवढ्या वर्षांत मला कधी पडला नव्हता हा प्रश्न. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मेण कसलं टिकतंय. मग पुढची गोष्ट वर्गानं लिहिली. पावसात वाहून गेलेलं घर कावळ्यानं परत शेणाचंच बांधलंय, आत गारेगार. मे महिना. चिमणीचं घर वितळायलंय. ती बाळाला पंखाखाली घेऊन कावळ्याच्या दारात येते. "क्रो, क्रो, ओपन द डोअर!"

आता कावळ्याची पाळी. वर्गात नुसता गोंधळ, प्रत्येकाला बदला घ्यायचा होता. "वेट, आय ॲम ब्रशिंग माय टीथ." "कावळ्याला दात असतात का रे?" "बरं, वेट, आय ॲम वॉशिंग माय बीक." वेट, आय ॲम ड्रिंकिंग टी. वेट, आय ॲम फाइंडिंग माय चप्पल. वेट, आय ॲम वॉचिंग क्रिकेट. व्हरांड्यात पातळ पांघरून फिरणारा तो पोरगा उठला नि म्हणाला, "वेट, आय ॲम थिंकिंग." त्याला मी विचारलं, कसला विचार करायलाय कावळा? तो म्हणाला, "उघडावं का नाही, त्याचा."

फळ्यावर १४ वाक्यं झाली, एकातही 'ॲम' गळला नव्हता, जागा संपली म्हणून मी खाली बारीक लिहायला लागलो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची सहावीची पोरगी रडकुंडीला येऊन उभी राहिली. "उघडा की आता सर, चिमणी भाजायलीय!"

मी म्हटलं, इंग्रजीत सांग कावळ्याला.

ती माझ्याकडं नाही, फळ्याकडं वळली नि ओरडली, "ओपन द डोअर! शी इज बर्निंग!"